डाव्या चाकाचा व्यास

बाबा, गाडीवान आला होता. तोच, आपण चाकांना लोखंडी धावा चढवून दिलेल्या गाडीखाली ज्याचा डावा पाय चेंगरला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्याच्याही किती आधीपासून त्यानं आपल्या घराची पायरी चढली नव्हती. मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी तो घाटंजीला माझ्या दुकानासमोर उभा होता. त्या पायाची टाच अजून टेकत नाही, चवड्यावरच चालतो. काठी आहे, पण ती काखेत धरलेली, टेकत नाही. मी वेल्डिंगचा चष्मा वर केला तर म्हणतो, "वळखलं का?" म्हटलं, "वळखलं ना काका, या, बसा." तर म्हणे, "बसाले नाही आलो. तुरीसाठी पत्र्याची कोठी पाह्यजे. बजारात जो तो म्हणते का गोल काम असन तं तुह्याकडेच जावं. एका सुताचा फरक पडत नाही म्हणे तुह्या मापात."

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तुम्हाला माहीत आहे, मी नववीनंतर शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते यवतमाळहून आणलेल्या जुन्या पुस्तकातून, कंदिलाखाली नव्हे, भर दुपारी भात्याजवळ बसून, तुमच्या शिव्या खात. आज जिनिंगवाले रोलर घेऊन येतात, पाणीपुरवठ्याचे ठेकेदार टाक्यांचा पत्रा कापायच्या आधी मला विचारून जातात. कोणी विचारलं की मी सांगतो, मला कोणी शिकवलं नाही. तर मी त्याला कोठीचा हिशोब करून दाखवला. अडीच फूट व्यास आणि पाच फूट उंची धरली तर साडेपाच क्विंटल तूर बसेल. तो म्हणाला, अर्धा फूट रुंद केली तर? म्हटलं, तीन फुटाला आठ क्विंटल. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला बनवतो आहे. "अर्ध्या फुटात अडीच क्विंटल वाढते काय गा? काय सांगून राह्यला!" मी खडूनं फरशीवर दोन गोल काढून दिले, व्यासाला व्यासानं गुणायचं असतं, म्हणून पोट असं भराभर वाढतं, हे समजावलं. मग घराचं दार किती रुंद ते विचारलं. दार निघालं तेहतीस इंच. "आडवी पाडून नेऊ ना मंग," तो म्हणाला. "काका, आडवी पाडली तरी व्यास तेवढाच राहते." तेव्हा कुठं तो हसला. बत्तीस इंचावर ठरलं, सव्वासहा क्विंटलची.

जाताना पायरीवर थांबला. वळला नाही, रस्त्याकडेच बघत बोलला, "मोजून कर बरं. बापासारखं करू नको."

वहीत बत्तीस लिहिलेलं होतं, त्याच्यावरच पुन्हा बत्तीस गिरवत बसलो. बाबा, आपल्या आणि गाडीवानाच्या गावात आजही तो पाय तुमच्या नावावर आहे. म्हातारी माणसं चाकाची गोष्ट निघाली की तुमचं नाव काढतात, आणि मी समोर असलो तर माझ्याकडे बघून जरा थांबतात. तो पाय माझ्या नावावर असायला हवा होता. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि बाहेरच्या कोणालाही नाही.

तो दिवस मला सगळा आठवतो. फाल्गुन लागला होता. गाडीवान दोन्ही चाकं आपल्या अंगणात टेकवून बजाराला निघून गेला. जुन्या धावा झिजून कागदासारख्या झाल्या होत्या, नव्या चढवायच्या होत्या. तुम्ही तुमची ती लोखंडी चकती काढली, तळहाताएवढी, दांडी लावलेली. तिच्यावर खडूची खूण करायची, चाकाच्या लाकडी कडेवरून ती फिरवत न्यायची, किती फेरे झाले ते मोजायचे, आणि तेवढेच फेरे सरळ पट्टीवर फिरवून, दोन बोटं कमी धरून छिन्नी मारायची. दोन बोटं कमी का, तर पट्टी तापून फुगते, चाकावर बसते, आणि पाणी पडलं की आवळून लाकूड धरते. तुमच्या वडिलांनी असंच केलं, तुम्हीही असंच. मी तेव्हा बावीस वर्षांचा, आणि पुस्तकातलं बावीस सप्तमांश माझ्या डोक्यात नवंकोरं होतं. मी म्हणतो, "कायले फेरे मोजत बसता बाबा? एकडाव व्यास घेतला का घेर निंगते. टेप लावा अन् गुणा." तुम्ही चकती हातातच धरून माझ्याकडे बघता. आई ओसरीवर तूर पाखडते आहे, ती म्हणते, "करू द्या ना त्याले एखांदं." आणि तुम्ही म्हणता, "बरं. उजवं माहं. डावं तुह्यं."

मी टेप लावला. चाकाच्या मधल्या जाड तुंब्यावरून आरपार, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चोपन्न इंच भरला. बावीस सप्तमांशानं गुणलं, एकशे एकोणसत्तर इंच आणि वर पाऊण इंचाच्या आतबाहेर. पट्टीची जाडी वेगळी धरली, जोडाचं वेगळं धरलं, तुमची दोन बोटं वजा केली. तुमचे फेरे अर्ध्यावरही आले नव्हते तेव्हा माझी पट्टी कापून झाली होती. मी छिन्नी आपटून ठेवली, मुद्दाम, आवाज व्हावा म्हणून.

दुपारी गोवऱ्यांचा गोल रचला, दोन्ही धावा त्यात ठेवल्या. शेजारचे चौघं हात लावायला आले, माप कोणी घेतलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, कुणी सांडशी धरली, कुणी बादल्या भरल्या. आधी तुमची धाव चढली. ती चढताना किती भांडते, बाबा! चारी बाजूंनी ठोकावं लागलं, लाकूड धुरानं काळं पडलं, पाणी टाकलं तेव्हा आरे करकरले. मग माझी. ती गेली. दोन तीन हातोडे आणि बसली. हात लावायला आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "हे बेस हाये ना, बिनत्रासाची," आणि सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पाणी टाकून वाफ उठली, आणि वाफेच्या पलीकडून तुम्ही मला विचारलंत, "सैल गेली काय रे?"

मला कळलं होतं. हातोडीच्या दांड्यातून हाताला कळतं, हे तुम्हीच शिकवलेलं. पण तिथं चार माणसं उभी होती, आणि माझं गणित बरोबर होतं, मी ते दोनदा तपासलं होतं. मी म्हणालो, "नाही बाबा. गणितानंच गेली."

तुम्ही एकदा धावेवर हात ठेवलात, गरम होती, काढलात. संध्याकाळी गाडीवान चाकं घेऊन गेला.

नंतरचे पंधरा दिवस काही झालं नाही. त्याची गाडी वाटेत नाल्यात उभी राहायची, बैल पाणी प्यायचे आणि चाकंही भिजायची, लाकूड फुगून धाव धरून ठेवायचं. मग नाला आटला. चैत्रातल्या एका सकाळी तो कापसाचा शेवटचा बोजा घेऊन जिनिंगला निघाला होता. उतारावर डाव्या चाकाची धाव निसटली, बाजूला लवंडून रस्त्याकडेला गेली, आणि नुसतं लाकूड दगडावर आलं तसं चाक पसरलं. गाडी डावीकडे बसली. त्याचा पाय दांडीवर होता, तो खाली गेला. लोकांनी त्याला बाजेवर टाकून दवाखान्यात नेलं, आणि दुसरी माणसं ती धाव बांबूत अडकवून, खांद्यावर घेऊन आपल्या अंगणात आली. टाकली. लोखंड दगडावर पडल्याचा तो आवाज मी अजून दुकानात एखादी पट्टी पडली तरी ऐकतो.

अंगणात वीसेक माणसं. कोणी ओरडत नव्हतं, तेच वाईट होतं. गाडीवानाचा भाऊ पुढं होता. तुम्ही चकती आणलीत, खडूची खूण केलीत, आणि धावेच्या आतून फिरवायला सुरुवात केलीत. सगळे फेरे मोजत होते, ओठ हलत होते. मी भात्याच्या खांबाला टेकून होतो. एक फेरा, दोन, तीन. मला गणित येत होतं, शेवटी काय निघणार ते मला फेरे संपायच्या आधीच कळलं होतं, आणि तुम्हालाही. उजव्या चाकाच्या धावेपेक्षा पावणेदोन बोटं जास्त. आवळायला म्हणून सोडलेल्या दोन बोटांतलं पाव बोट उरलं होतं.

"कोणाचं माप?" भावानं विचारलं.

तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. "माहं," तुम्ही म्हणालात.

"डोळे गेले काय म्हाताऱ्या तुह्ये?"

"चुकलं माह्याकडून."

मी तोंड उघडलं होतं, बाबा. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण आवाज फुटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो भाऊ थुंकून मागं फिरला, आणि मग ते उघडलेलं तोंड मी तसंच मिटून घेतलं. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. आईनं भाकरी थापल्या आणि झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच गाडीचं उजवं चाक, जे शाबूत होतं आणि लोकांनी धावेसोबतच आणून टाकलं होतं, अंगणात आडवं पाडलंत. माझ्यासमोर टेप टाकलात. "नाप." मी तुंब्यातून आरपार नापलं. चोपन्नला एक सूत कमी. "आता या आऱ्यावरून." त्रेपन्न आणि अर्धा. "आता अठून." त्रेपन्न आणि पाव. तुम्ही मला आठ ठिकाणी नापायला लावलंत, आणि आठातले दोनही सारखे आले नाहीत. लाकूड एकीकडं झिजतं, एकीकडं नाही. बसल्या जागी पाऊस खातं, उन्हात एका अंगाला आकसतं. पुस्तकातला गोल सगळीकडून सारखा असतो म्हणून त्याला एक व्यास पुरतो. हे मला तेव्हा कळलं. मी डाव्या चाकाचा नेमका सगळ्यात मोठा व्यास धरला होता, आणि तेच मोठेपण सगळ्या घेराला लावलं होतं. चकती मात्र खड्ड्यात उतरते, उंचवट्यावर चढते, जे आहे ते मोजते.

मला वाटलं तुम्ही आता पुस्तकाला शिव्या द्याल. मी तयारच होतो, सरासरी व्यास काढायची रीत मी मनात जुळवून ठेवली होती, म्हणजे गणित चुकलं नाही, नापणं चुकलं, असं सांगता येईल. तुम्ही पुस्तकाचं नावही काढलं नाहीत. टेप गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "नापण्यात चूक होते. माह्याकडूनबी झाली हाये. पण धाव सैल गेली तवा तुले समजलं होतं. मी इचारलं होतं तुले. तवा बोलला काहून नाही?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. नंतरही दिलं नाही. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच ते भोगलं. त्या पावसाळ्यापर्यंत अंगणात चाकं यायची थांबली. बोरी अरबकडची माणसंही आपल्या दारावरून गाडी हाकत दुसऱ्या लोहाराकडं जायची. तुम्ही विळे शेवटवून धार काढत बसायचा, वखराला लोखंडी पासा बसवायचा, पण चाक नाही. ती चकती खांबाला टांगलेली असायची. मी लोकांना सांगत आलो, आणि स्वतःलाही सांगत आलो, की रबरी टायरच्या गाड्या आल्या, लाकडी चाक जाणारच होतं, आपलं काम तसंही बुडणार होतं. बाबा, मी मापाचा माणूस आहे, मला माहीत आहे, टायरच्या गाड्या आपल्या भागात त्याच्यानंतर चार वर्षांनी आल्या. ती चार वर्षं तुमची होती.

तर ती कोठी. मी आयुष्यात कुठल्या कामाला घेतला नसेल एवढा वेळ तिला घेतला. पत्रा शंभर इंच आणि वर अर्धा, जोडाचं वेगळं. वाकवून जोडल्यावर आठ ठिकाणी नापली. एका ठिकाणी एक सूत फरक आला तर पुन्हा लाकडी हातोड्यानं ठोकून गोल केली. माझ्याकडे काम करणारा कारागीर म्हणाला, "मालक, तूर भरायची हाये, कुठं रॉकेट सोडायचं हाये?" मी त्याला झापलं. कोठी तयार होऊन चार दिवस दुकानात पडून होती, मी निरोपच पाठवत नव्हतो. शेवटी गाडीवानच टेम्पो घेऊन आला. टेम्पोवाला समोर चहाला गेला. गाडीवान कोठीभोवती फिरला, काठीनं ठोकून बघितली, झाकण उघडून आत तोंड घालून "हो" म्हणून आवाज दिला, आणि आतला घुमणारा आवाज ऐकून खूश झाला. "गोल वस्तूले कुठूनबी नापा, सारखीच भरते ना गा?" त्यानं सहज विचारलं.

आणि मी बोललो. तयारी केलेली वाक्यं सगळी विसरलो. म्हटलं, "काका, त्या डाव्या चाकाचं माप माहं होतं. बाबाचं नाही."

त्यानं झाकण लावलं. हळू, आवाज न करता. "डावं?"

"डावं मी केलं होतं. उजवं बाबानं."

"मंग त्यानं तं म्हटलं का माहं म्हणून?"

"म्हटलं."

"अन् तू?"

"मी उभा होतो तठी."

त्यानं पायाकडे बघितलं. मला वाटलं शिवी येईल. मला ती पाहिजे होती, खरं सांगतो, चांगली चारचौघात ऐकू जाईल अशी. पण तो म्हणाला, "मी तुह्या बापाच्या मातीले आलो नाही. समदं गाव आलतं. माही बायको म्हणे जा, मी म्हटलं ज्याले चाक नापता येत नाही त्याले खांदा देणार नाही." मग थांबला. "लहानपणी आम्ही दोघं एका नाल्यावर पोहाले जात होतो."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

"आता कायले सांगतो मले?" तो म्हणाला. "मी ऐंशीले टेकलो. तो गेला. तो होता तवा सांगतास तं मी चाकं घेऊन आलो असतो त्याच्याकडे. दोन शिव्या देल्ल्या असत्या तुले, अन् चाकं तुह्या बापाकडेच आणली असती."

कोठी टेम्पोत चढवताना मी हात लावायला गेलो तर त्यानं काठी आडवी धरली. टेम्पोवाल्याला बोलावून दोघांनीच चढवली. निघताना खिडकीतून विचारलं, "गावात सांगू का हे?" मी म्हटलं, "सांगा." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गाडी गेली.

त्याला आता अकरा दिवस झाले. बजारात अजून माझ्याकडे कोणी वेगळ्या नजरेनं बघत नाही. सकाळी दुकान उघडताना मी त्या नजरेची वाट बघतो, आणि दुपारपर्यंत ती आली नाही की मला हलकं वाटतं. हे हलकं वाटणं मला आवडत नाही. म्हणून लिहायला बसलो. हा कागद कुठं पाठवायचा नाही हे मला ठाऊक आहे, पण काहून बोललो नाही याचं उत्तर देणं राहिलं होतं. चार माणसं उभी होती, बाबा. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं.

आणि एक सांगायचं राहिलं. गाडीवानाला सांगितलं तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. कारागिराला मी टेम्पो दिसल्यादिसल्या पत्रा जोडायच्या रिबिटा आणायला पाठवून दिलं होतं. रिबिटा संपल्या नव्हत्या. डबा अर्धा भरलेला होता.